खुंटाजवळचं निम्मं

कानिस दोरी दुमडत होता तेव्हा रोफीना त्याच्या बोटांवर डोळे लावून उभी होती. लबाडी व्हायची असेल तर ती बोटांतच होणार, असं तिला वाटत होतं. एखादी वाव, म्हणजे पसरल्या दोन हातांची लांबी, गिळली जाईल, गाठ सरकेल, दोरी कुठेतरी सैल पडेल. नवरा ब्लासियुस जाऊन वर्ष झालं होतं आणि तेवढ्या वर्षात या दिराने काय काय लाटलं ते तिला तोंडपाठ होतं. कॉफीची अकरा झाडं, नवऱ्याचा कोयता, डुकराचं एक पिल्लू. आता जमिनीची पाळी आली होती.

पण दोरी सरळ होती. शेताच्या मधल्या खुंटापासून बाहेरच्या गोल बांधापर्यंत सत्तर वाव. गावाच्या जमिनीची वाटणी ज्याच्या हातात असते त्या तुआ तेनोने, म्हाताऱ्या रफाएलने, ती स्वतः मोजली होती. दोन्ही टोकं एकत्र आली, सत्तराच्या पस्तीस झाल्या आणि जिथे पस्तिसावी वाव संपली तिथे कानिसने बांबूची मेख ठोकली.

"बघ नीट," तो म्हणाला. "मागनं गावभर सांगत सुटशील, दिरानं फसवलं म्हणून."

"बघतेच हाय," रोफीना म्हणाली. "न बघता लई गेलं आजवर."

म्हाताऱ्याने सुपारीची लाल पिंक बांधावर टाकली. "निम्म्याला निम्मं झालं. दोरी माझ्या हातची हाय. आता तोंडं मिटा, खुंटाशी भांडू नये."

गोलो मेंगे गावची शेतं चाकासारखी गोल आहेत. वाटणीच्या दिवशी तुआ तेनो मधल्या खुंटाला बोटं लावतो, कुणाला एक बोट, कुणाला दोन, आणि त्या बोटांपासून निघालेल्या रेघा पसरत पसरत बाहेरच्या बांधाला जाऊन भिडतात. खुंटाशी बोटभर असलेली पाचर बांधाशी चांगली शेतभर रुंद होते. कानिस आणि ब्लासियुसच्या बापाला दोन बोटांची पाचर मिळाली होती. रीतीप्रमाणे ती उभी चिरून भावाभावाला एकेक बोट मिळायला हवं होतं आणि रोफीनाचं म्हणणंही तेच होतं. पण कानिस म्हणाला, एका बोटाच्या पाचरीत आतल्या अंगाला रेडा वळत नाही, चिखलणी करायची कशी? त्यापेक्षा आडवी तोडू. म्हाताऱ्याला ते पटलं. आजवर त्याने बोटानेच वाटलं होतं, दोरीने आडवं कधी वाटलं नव्हतं.

"आन् वर तुला आतलं निम्मं देतोय," कानिस बांधावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "खुंटाजवळचं. पूर्वजांच्या पायापाशी. खरं तर थोरला मी, आतला मान माझा. पण म्हटलं, नको. लोक म्हणतील, रांडमुंड बाईला बाहेर काढलं."

लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारी तर म्हणाली, एवढं कोण करतं आजकाल? मान दिला की नको म्हणता येत नाही. काहीतरी खुपत होतं, पण काय खुपतंय ते रोफीनाला दाखवता येईना. दोरी सरळ होती, मेख मधोमध होती आणि तिला दिराचा राग येत होता, एवढंच तिच्याकडे होतं.

"लावणीनंतर महिन्यानं मोजणीवाला येतोय," जाता जाता कानिस म्हणाला. "मेखेच्या जागी शिमिटचा दगड बसंल आन् कागद व्हईल. मग कुणी कितीबी बोंबललं तरी दगड हलत न्हाई."

दरवर्षी अख्ख्या पाचरीला अठ्ठेचाळीस भारे तरवा, म्हणजे भाताची रोपं, लागायचा. म्हणून दोन्ही घरांनी निम्मा निम्मा, चोवीस-चोवीस भारे पुरेल एवढा पेरला. कानिसने सरकारी बुटका भात पेरला, पोपटी रंगाचा. रोफीनाने आईच्या घरून आणलेलं लाल भाताचं बी पेरलं. त्याचे देठ जांभळे असतात आणि त्याला कानिसची बायको पेत्रोनेला भुताचा भात म्हणायची.

लावणीला रोफीनाने पोरीला शाळेतून घरी ठेवलं. सेबिना चौदा वर्षांची, बापासारखी हाडकुळी आणि बोलायला महाग. दोघी पहाटे चिखलात उतरल्या. खुंटाशी चिखल गार होता, पोटऱ्या बधिर होत होत्या, जळवा लागत होत्या. वीतभर अंतर, दोन रोपं, अंगठ्याने दाबायचं, मागे सरकायचं. रोफीनाच्या कंबरेत कळ भरली ती उतरेचना. तिला वाटलं होतं, पहिल्या दिवसात निम्मं झालं तरी खूप.

चर्चची दुपारची घंटा झाली आणि तिची टाच मेखेला लागली.

ती वाकलेली सरळ झाली. मेखेकडे बघितलं, खुंटाकडे बघितलं. सगळं लावून झालं होतं. बांधावर भारे तसेच रचलेले होते. तिने मोजले. बारा.

"विरळ लावलंस तू," ती पोरीवर ओरडली.

"न्हाई आई."

"मग बारा भारे काय आभाळातनं पडले?" असं म्हणून तिने हातातला ओला भारा पोरीच्या पाठीत हाणला. चिखलाचा पट्टा उठला. मग स्वतःच परत आत शिरून ती जागोजाग वीत लावून बघत फिरली. अंतर बरोबर होतं. पोरीने मुळीच विरळ लावलं नव्हतं. पण मारलेलं मागे घ्यायची या घरात रीत नव्हती.

मेखेच्या पलीकडे कानिसकडे पाच माणसं राबत होती. पाट बाहेरच्या बांधाकडून येतो, म्हणून त्यांनी बाहेरच्या कडेने सुरुवात करून आत यायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा तरवा संपला आणि मेखेपर्यंत चिखल उघडाच राहिला. पेत्रोनेला कंबरेवर हात ठेवून रोफीनाच्या बांधावर आली.

"उरलाय नव्हं तुझा? दे."

"माझा का उरला आन् तुझा का संपला, ते सांग आधी," रोफीना म्हणाली.

"आमी दाट लावतो. पोटाला खायचं असतंय आमाला. तुमी मायलेकी चिमणीएवढ्या, चिमणीसारखं लावता." तिने होकाराची वाटही न बघता पहिला भारा उचलला. "कुजवण्यापरीस दे. चिखल केलेल्या रानाला तरवा नाकारू नये, तेवढं तरी तुज्या आईनं शिकवलं असंल."

ते शिकवलं होतंच. पेत्रोनेला आणि दोन बायका बारा भारे घेऊन गेल्या. तेवढ्यात कानिस मेखेपाशी येऊन उभा राहिलेला तिला दिसला. तो बोटं मोजत होता. मेखेपासून आत खुंटापर्यंत त्याने नजर टाकली, मग मेखेपासून बाहेर बांधापर्यंत. पुन्हा बोटं मोजली. नंतर त्याची आणि तिची नजर भेटली तेव्हा त्याने मान फिरवली आणि गड्यांवर उगीचच खेकसला, "चला रे, काय बघताय!"

संध्याकाळपर्यंत तिचे जांभळे भारे त्याच्या चिखलात मेखेपर्यंत लागून झाले. एका रोपाचाही फरक न पडता.

तीन आठवडे गेले. रोपांनी मूळ धरलं, रंग उघडले. रोज सकाळी बांधावरून जाताना रोफीनाला मेखेपलीकडे आपल्या भाताचा जांभळा पट्टा दिसायचा. माझा तरवा, त्याच्या रानात. आभार तर सोडाच, पेत्रोनेला विहिरीवर सांगत फिरत होती की रोफीनाच्या पोरीला लावणी येत नाही, तिला कोण करून घेणार?

गुरुवारी संध्याकाळी धुकं खाली उतरलं होतं आणि लाकडं ओली होती. चूल पेटेना. रोफीनाने पोरीच्या पिशवीतून एक भरलेला कागद ओढला. फाडणार तोच तिला दिसलं, कागदावर वरपासून खालपर्यंत एकच ओळ लिहिलेली आहे. नन्सच्या शाळेत ती तिसरीपर्यंत शिकली होती, अक्षर लावून वाचता यायचं.

"निम्मी... त्रिज्या... म्हणजे... निम्मं क्षेत्रफळ नव्हे. हा कसला जप लिवलायस?"

"शिक्षा हाय," सेबिना म्हणाली. "पन्नास वेळा. परीक्षेत चुकलं. एका वर्तुळाची त्रिज्या सात, दुसऱ्याची चौदा, तर धाकटं थोरल्याच्या किती, असं इचारलं व्हतं. मी निम्मं लिवलं. सर म्हणाले, तुजं डोकंच निम्मं हाय. घंटाभर उभं केलं."

"बरं केलं. वर्तुळं काढून कुणाचं पोट भरलंय?" रोफीनाने कागद चुलीत घातला, फुंकर मारली. मग फुंकणी तशीच हातात धरून ती थांबली. "त्रिज्या म्हंजे काय गं?"

"मधल्या टोकापासनं कडेपर्यंतची दोरी."

रोफीनाने जळता कागद चुलीतून ओढून काढला आणि पायाने विझवला.

"निम्मं न्हाई तर किती?"

"पाव."

"खोटं."

सेबिना उठली. कॉफी वाळवायची बांबूची गोल पाटी तिने खाली घेतली, मधोमध खडा ठेवला, खड्यापासून काठापर्यंत दोन काड्या मांडून पाचर केली आणि काड्यांच्या मध्यावर सुतळी आडवी ठेवली. सुतळीच्या आत कॉफीच्या बिया एकीला एक चिकटवून मांडल्या. मांडून झाल्यावर त्या करवंटीत भरल्या. बरोबर एक करवंटी झाली. मग सुतळीच्या बाहेरचा भाग मांडायला घेतला. रोफीना गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती. चूल तशीच थंड पडली तरी ती उठली नाही. दुसरी करवंटी भरली. तिसरी भरली. मग जागा संपली.

"आत एक, बाहेर तीन," सेबिना म्हणाली.

"बारा आन् छत्तीस," रोफीना म्हणाली.

सरळ दोरी, मधोमध मेख, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तीन हिस्से त्याला आणि एक तिला, आणि वर मान! आणि ही पोर डोक्यात हे घेऊन घरात बसली होती.

"तुला ठाऊक व्हतं आन् गप बसलीस?"

"मलाबी निम्मंच वाटलं व्हतं. म्हणून तर उभं केलं वर्गात." मग जरा थांबून ती म्हणाली, "खरं निम्मं कुठं येतं ते वहीत पुढच्या गणितात हाय. वर्तुळात चौकोन, कोपरे वर्तुळाला टेकलेले. त्या चौकोनात बसंल असं धाकटं वर्तुळ. त्ये म्हणं थोरल्याच्या निम्मं येतं. का येतं, त्ये मला कळत न्हाई. आन् सर सांगत न्हाईत, म्हणतात तुज्यावर वेळ घालवू कशाला."

"मग आपलं आपण बघ. मोजणीवाला सोमवारी येतोय."

पुढचे दोन दिवस अंगणात राखेची वर्तुळं आणि चौकोन पडले. जाणारे-येणारे विचारायचे, पोरीला भूतबाधा झाली का? शनिवारी रोफीना रानात न्यायचा भात केळीच्या पानात बांधत होती. चौकोनी फाडलेलं पान, मधे भात, चारी कोपरे मधोमध आणून दुमडायचे, वर काडी खोचायची. पोर एकदम तिच्या हातावर झडप घालून म्हणाली, "थांब!"

"सांडशील मेले!"

"आई, पान दुहेरी झालं. चारी कोपरे आत आले, पान सगळीकडं दुहेरी. म्हंजे आतला चौकोन बाहेरच्या चौकोनाच्या निम्मा. थोरल्या चौकोनात थोरलं गोल बसतं, निम्म्या चौकोनात बसंल ते गोल निम्मं!" तिचे डोळे चकाकत होते. "राखेच्या गोलावर मी मोजलंय, सत्तर वावांच्या दोरीला साडेएकोणपन्नास येतं. मेख पस्तिसाला न्हाई, साडेएकोणपन्नासाला पायजे."

रोफीनाने भात पुन्हा नीट बांधला.

"तुजं निम्मं वहीत ठेव," ती म्हणाली. "मला निम्मं नको. त्यानं मला पाव दिलं. आता त्याला पाव मिळू दे."

रविवारी मिस्सा संपल्यावर माणसं कुळाच्या मोठ्या घरासमोरच्या अंगणात जमली. मोजणीवाल्याला उद्या कोण कुठे नेणार, ते ठरायचं होतं. पुरुष चटईवर, बायका ओट्याच्या कडेला. तुआ तेनो रफाएल मधे बसला होता. रोफीना ठेवणीतलं काळं सोंग्के लुगडं नेसून आली आणि बायकांकडे न जाता चटईच्या काठाशी उभी राहिली.

"मला मोठ्या घरासमोर बोलायचं हाय."

"बस की आधी," कानिस म्हणाला. "का उभ्या उभ्याच शिव्या देणार?"

"शिव्या न्हाईत, भावजी. तुमचे उपकार परत करायला आले." ती म्हाताऱ्याकडे वळली. "आजा, माझी पोर जन्मली तवा भिंतीवर हात आपटून बाहेरनं कुणी इचारलं व्हतं, आतला का बाहेरची?"

"मीच इचारलं," कानिस म्हणाला. "रीत हाय ती. पोरगा घरातला, पोरगी परक्याची. तुला झाली बाहेरची, त्यात माझा काय दोष?"

"दोष कुठं म्हणते? खरंच हाय. बाहेरची पोर आन् तिची बाहेरनं आलेली आई. आमाला आतला मान कशाला? खुंटाजवळचं थोरल्यानं घ्यावं. आमी बाहेरचं निम्मं घेतो. निम्म्याला निम्मं हाय, आजाच्या हातची दोरी हाय. कुणाचं काय जातंय?"

तुआ तेनोने मान हलवली. "वावगं न्हाई बोलत ती. कानिस, आतला मान थोरल्याचाच. घे तू आतलं."

कानिसचा चेहरा उतरला. त्याने तंबाखूची पुडी काढली, परत ठेवली. "आता... आता लावणी झालीया. मेख ठोकलीया. कशाला उगीच?"

"आपापलं पीक आपणच काढू की. मेख हाय तिथंच राहू दे. फकस्त नावं बदला."

"तुला पोरगा न्हाई! तू मेल्यावर जमीन आमच्याकडंच येणार, मग आत काय आन् बाहेर काय?"

"मग तर तुमाला काहीच अडचण नसावी, भावजी."

कुणीतरी फिसकन हसलं. आणि तेवढ्यात ओट्यावरून पेत्रोनेला ओरडली, "येडे हायसा का तुमी? छत्तीस भारे तरवा लागलाय बाहेरच्या अंगाला, तिला बारा लागले! छत्तीस भाऱ्यांचं रान तिच्या घशात घालताय?"

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. पण आता फार उशीर झाला होता. तुआ तेनोने हळूहळू मान वर केली. त्याची बुबुळं पांढुरकी झालेली होती, पण तो बरोबर कानिसकडेच बघत होता.

"बारा आन् छत्तीस?" तो म्हणाला. "आन् तू मला निम्मं म्हणालास?"

"दोरी तुमी मोजलीत!" कानिस ओरडला. "मला तवा कुठं ठाऊक व्हतं? बायबलावर हात ठेवतो!"

"तवा न्हवतं. पण तरवा संपला त्या दिवसापासनं तरी ठाऊक हाय नव्हं?"

कानिसने तंबाखूची पुडी पुन्हा काढली. म्हातारा चटईवर थुंकला. मोठ्या घरासमोर तो कधी थुंकत नसे.

"माझ्या तोंडाला काळं फासलंस. सगळ्या गावानं बघितलं, म्हाताऱ्याची दोरी खोटी. आता ती म्हणती तसंच व्हईल. बाहेरचं रोफीनाचं, आतलं तुजं. उठा."

वर्षभरात पहिल्यांदा रोफीनाला पोटभर बरं वाटलं. कॉफीची झाडं, कोयता, पिल्लू, विहिरीवरचे टोमणे, सगळं वसूल झालं होतं. छत्तीस भाऱ्यांचं रान! तिने पेत्रोनेलाकडे मुद्दाम बघून घेतलं.

"त्ये बी निम्मं न्हाई," मागून आवाज आला.

सेबिना होती. रोफीनाने न बघता मागे हात नेऊन पोरीच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"पाऊण हाय त्ये," सेबिना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं पण ती मागे सरली नाही. "आत पाव, बाहेर पाऊण. अदलाबदल केली तरी वाटणी खोटीच."

"गप बस," रोफीना दात चावून म्हणाली.

"मोठ्यांच्यात बाहेरची बोलतीया," चटईवरून कुणी तरी म्हणालं. "नाव काढलं पोरीनं."

तुआ तेनोने हात वर केला. "मग निम्मं कुठं येतंय? सांग."

"सांगून पटायचं न्हाई. दोरी आन् दोन खुंट्या द्या. आन् दुसरं टोक कुणी तरी धरा."

म्हाताऱ्याने कानिसकडे बोट केलं. "तू धर."

सगळ्या गावासमोर कानिसने दोरीचं टोक धरलं. पोर सांगेल तिकडे वाकून वाकून तो फिरत होता. तिने मधे खुंटी ठोकली, सात वाव दोरीने अंगणात मोठं गोल ओढलं. गोलावर चार खुणा केल्या, त्या खुणांना सुतळी बांधून चौकोन ताणला. कोपरे गोलाला टेकले होते. मग मधल्या खुंटीपासून चौकोनाच्या बाजूपर्यंत सर्वांत आखूड दोरी धरून आत धाकटं गोल ओढलं. एका म्हाताऱ्याचं पाऊल रेघेवर पडलं तर ती त्याच्यावर खेकसली. मग तिने चौकोनी केळीचं पान घेतलं, चारी कोपरे मधोमध आणून दुमडून दाखवलं आणि गावातल्या बायका पहिल्यांदा पुढे सरकल्या, कारण असं पान त्यांनी जन्मभर बांधलं होतं. आतल्या धाकट्या गोलाची दोरी म्हाताऱ्याने स्वतः बोटांनी चाचपून मोजली. पाच वावांना चार बोटं कमी.

"सातला एवढी. मग सत्तरला?"

"साडेएकोणपन्नास."

"मेख तिथं जाईल," तुआ तेनो म्हणाला. "आतलं रोफीनाचं, बाहेरचं कानिसचं. चला, अंधार व्हायच्या आत."

शेताकडे उतरताना रोफीना पोरीच्या मागून चालत होती. "चोवीस भारे मिळतील आता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "छत्तीसचे चोवीस केलेस. तुज्या तोंडापायी. बापावर गेलीस, दुसरं काय?"

"उद्या त्यानं पुन्हा भारे मोजले असते," सेबिना मागे न बघता म्हणाली. "मग गावानं आपल्याला चोर म्हटलं असतं. दगड हलवायला पुन्हा त्योच आला असता."

रोफीनाने तिला आणखी एक शिवी दिली.

खुंटापासून दोरी ताणली. वाव वाव मोजत म्हातारा पुढे गेला, मागून गाव. पस्तीस झाल्या, जुनी मेख मागे पडली. चाळीस. पंचेचाळीस. दोन्ही बाजूंना जांभळे देठ. एकोणपन्नास. म्हाताऱ्याने अर्धी वाव आणखी सोडली आणि दोरी ताठ धरली. "हितं."

सगळे बघतच राहिले. दोरीचं टोक जिथे आलं होतं तिथेच रंग बदलत होता. आत सगळं जांभळं, बाहेर सगळं पोपटी. कानिसचे चोवीस भारे बाहेरच्या बांधापासून आत येत येत बरोबर इथे संपले होते, आणि इथून मेखेपर्यंतच्या उघड्या चिखलात रोफीनाचे बारा लागले होते. साडेएकोणपन्नास वावांवर, दोन ओळी इकडे-तिकडे. तीन आठवडे ती रेघ रानात उभी होती. सगळ्यांनी बघितली होती, आणि सगळ्यांत जास्त कानिसने, कारण पाण्याच्या पाळीला तो रोज याच बांधावर बसायचा.

"म्हंजे रानानं आधीच वाटून ठेवलं व्हतं," कुणीतरी पुटपुटलं.

कानिस पाटाकडे तोंड करून उभा होता. तुआ तेनोने मेख पुढे केली. कानिस घ्यायला वळला तर म्हातारा म्हणाला, "तू न्हाई." आणि मेख सेबिनाच्या हातात दिली. "ठोक गं, बाहेरचे."

पोरीने दगडाने मेख ठोकली. दोन घाव चुकले, पण मेख गेली.

"दोन ओळी तुज्या आमच्याकडं आल्यात," पेत्रोनेला मेखेपलीकडे बोट दाखवून म्हणाली. तिला गप्प बसणं जमत नव्हतं. "त्या आमच्या. रेघेच्या बाहेर हायत."

रोफीनाने लुगडं कंबरेला खोचलं आणि चिखलात उतरली. वाकली, आणि रेघेबाहेरची आपल्या जांभळ्या भाताची दोन्ही ओळींची रोपं एकेक करून उपटायला लागली. उभं रोप उपटू नये म्हणतात. पण कुणी तिला अडवलं नाही. शेवटचं रोप हातात आलं तेव्हा ती सरळ झाली आणि तो गळता भारा तिने पोरीच्या छातीशी ढकलला. पोरीचा शाळेचा पांढरा झगा चिखलाने भरला.

"घे," ती म्हणाली. "हे बी धर तुज्या गणितात."

सेबिनाने चपला काढल्या, मेखेच्या आतल्या अंगाला चिखलात उतरली आणि वीत लावून ती रोपं एकेक करून परत लावायला लागली. रोफीना बांधावर उभी राहून बघत होती. चौथ्या रोपाला पोरीची वीत जरा मोठी पडली. "विरळ लावू नगंस," ती ओरडली, आणि स्वतःच खाली उतरून तिच्या शेजारी वाकली.